इथाकात घोडे नाहीत : परदेश, घर आणि ग्रीक कथांबद्दल वाचकांचे प्रश्न

बडोद्याच्या वाचकांकडून या वेळी आलेल्या पत्रांत दोन विषय एकमेकांत गुंतलेले दिसले. मुलंबाळं परदेशी असलेल्या घरांत चालणारी इथली-तिथली तुलना हा एक, आणि हाती घेतलेल्या ग्रीक कथा हा दुसरा. निवडक पत्रांना उत्तरं देत आहोत. प्राचीन ग्रीक कवी होमरच्या ‘इलियड’ (ट्रॉयचं युद्ध) आणि ‘ओडिसी’ (त्या युद्धानंतर राजा ओडिसियसचं इथाका बेटावर घरी परतणं) या काव्यांचे संदर्भ सर्गाच्या क्रमांकाने दिले आहेत, म्हणजे भाषांतर कुठलंही असलं तरी जागा सापडेल.

प्रश्न : आमच्या वाचनमंडळात आठ-दहा जण आहोत, बहुतेक निवृत्त. ‘इलियड’पासून सुरुवात केली. पहिला सर्ग रंगला, पण दुसऱ्यात नावांच्या गर्दीत मंडळी गळू लागली. नेटाने पुढे जावं की सोडून द्यावं? — एक वाचिका, दांडिया बाजार

उत्तर : सोडू नका, पण क्रम बदला. तुम्ही अडकलात ती जागा ठरलेलीच आहे. ‘इलियड’च्या दुसऱ्या सर्गाच्या उत्तरार्धात कोणत्या गावाहून कोण किती जहाजं घेऊन आला याची लांबलचक यादी येते. बेरीज केली तर जहाजं हजाराच्या वर जातात. ऐकणारा ग्रीक माणूस त्यात आपल्या गावाचं नाव शोधत असे. आपल्याला त्या गावांशी काही नातं नाही, म्हणून ती यादी कोरडी लागते. पहिल्या वाचनात ती सरळ ओलांडावी. काही बिघडत नाही.

त्याहून चांगलं म्हणजे आधी ‘ओडिसी’ घ्या. ज्या मंडळात निम्म्या घरांतलं कोणी ना कोणी परदेशात आहे, तिथे ही कथा समजावून सांगावी लागत नाही. ‘ओडिसी’चे 24 सर्ग आहेत आणि ओळी सुमारे 12,100. गद्य भाषांतरातला एक सर्ग मोठ्याने वाचायला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. आठवड्याला एक सर्ग धरला तर सहा महिने. नवरात्र आणि दिवाळीचे आठवडे सोडून आखणी करा, नाहीतर ऑक्टोबरात खंड पडतो आणि मग पुन्हा कोणी जमत नाही.

पहिले चार सर्ग नायकाशिवाय जातात. त्यांत मुलगा टेलेमेकस बापाचा शोध घेत फिरतो. ओडिसियस स्वतः दिसतो तो थेट पाचव्या सर्गात, आणि तोही समुद्रकाठी रडत बसलेला. हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे ‘नायक कुठाय?’ अशी कुरकुर होणार नाही. राक्षस, चेटकीण, पाताळ वगैरे प्रसिद्ध प्रसंग नवव्या ते बाराव्या सर्गात आहेत, आणि ते ओडिसियस स्वतः परक्या राजाच्या पंगतीत बसून सांगतो. सांगणारा माणूस थापा मारण्यात पटाईत आहे, हे ध्यानात ठेवून ते चार सर्ग ऐकावेत. अकराव्या सर्गाच्या मध्यावर पाताळातल्या स्त्रियांची एक यादी येते. तीही भरभर वाचली तरी चालेल.

नावांचं म्हणाल तर महाभारत ऐकत वाढलेल्या माणसाला खरं तर हे जड जाऊ नये. अर्जुन, पार्थ, कौंतेय, गुडाकेश हा एकच माणूस आहे हे आपल्याला कोणी शिकवलं नाही. तसंच ग्रीक वीर अकिलीसला ‘पेलेयसचा पुत्र’ म्हणतात, आणि ग्रीक सैन्याला अखियन, आर्गिव्ह, दानान अशी तीन नावं आलटून-पालटून येतात. तिन्ही एकच. रोमन नावांमुळे मात्र खरा गोंधळ होतो, कारण जुन्या इंग्रजी भाषांतरांत देवांचा राजा झ्यूस याला ज्युपिटर, पोसायडनला नेपच्यून, अथीनाला मिनर्व्हा आणि ओडिसियसला युलिसिस केलेलं असतं. मंडळात सगळ्यांकडे एकच भाषांतर हवं, आणि बाजूला ओळींचे क्रमांक छापलेलं हवं. एका मोठ्या पुठ्ठ्यावर बारा नावं लिहून भिंतीला लावा: नाव, कोणाचा कोण, कुठल्या गावचा. बाराच पुरे. बाकीची नावं येतात आणि जातात.

‘ओडिसी’ संपली की ‘इलियड’कडे परत या, पण सात सर्गांपुरतं: पहिला, सहावा, नववा, सोळावा, अठरावा, बाविसावा आणि चोविसावा. सहाव्यात ट्रॉयचा वीर हेक्टर युद्धावर निघताना तान्ह्या मुलाला उचलायला जातो आणि मूल शिरस्त्राणावरचा घोड्याच्या केसांचा तुरा पाहून किंचाळतं. तेव्हा आईबाप हसतात आणि हेक्टर शिरस्त्राण काढून जमिनीवर ठेवतो. चोविसाव्यात हेक्टरचा म्हातारा बाप, राजा प्रायम, रात्री शत्रूच्या छावणीत अकिलीसकडे जातो आणि ज्या हातांनी आपली मुलं मारली त्याच हातांचं चुंबन घेऊन हेक्टरचं प्रेत मागतो. ही दोन पानं नीट ऐकली तर ग्रीक कथा का वाचायच्या हा प्रश्न उरत नाही. लाकडी घोडा आणि अकिलीसची टाच मात्र ‘इलियड’मध्ये शोधू नका. घोड्याची हकिगत ‘ओडिसी’त येते, आणि टाचेची कथा होमरच्या कितीतरी नंतरची आहे.

एक सुचवणं. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी काढलेली भित्तिचित्रं आहेत, त्यांतलं एक महाभारताच्या युद्धाचं. ‘इलियड’ वाचून झाल्यावर मंडळ घेऊन तिथे जा. दोन संस्कृती रणांगण कसं पाहतात यावर तिथे उभं राहून होणारी चर्चा घरात होत नाही.

प्रश्न : मुलगी टोरांटोत आहे. दर रविवारच्या फोनवर ‘तिथलं चांगलं की इथलं’ यावरून वाजतं. ती रस्ते, हवा, रांगेची शिस्त सांगते. आम्ही माणसं, सण, भाजी सांगतो. शेवटी कोणीतरी फोन ठेवतं. — रावपुरा

उत्तर : भांडण होतं कारण दोन्हीकडून निकाल मागितला जातो. एका देशाची दुसऱ्या देशाशी गोळाबेरीज करता येत नाही, एका गोष्टीची दुसऱ्या गोष्टीशी करता येते. ‘ओडिसी’च्या चौथ्या सर्गात याचा धडाच आहे. टेलेमेकस स्पार्टाला राजा मेनेलेअसच्या वाड्यात येतो. कांस्य, सोनं, चांदी, हस्तिदंत पाहून तो दिपून जातो आणि इतरांना ऐकू जाऊ नये म्हणून सोबत्याच्या कानाशी डोकं नेऊन म्हणतो, झ्यूसचं अंगण आतून असंच असेल. मग निघताना मेनेलेअस त्याला तीन घोडे आणि रथ देऊ करतो. टेलेमेकस ते नाकारतो. आमच्या इथाकात मोकळी कुरणं नाहीत, शेळ्या चरतात एवढीच जमीन, पण मला तीच आवडते, असं तो सांगतो. मेनेलेअस रागावत नाही. तो हसतो, त्याला हाताने थोपटतो आणि घोड्यांऐवजी चांदीचं भांडं देतो.

पाहा, तिघांपैकी कोणाचाही अपमान झाला नाही. स्पार्टाचं वैभव खरं आहे आणि मुलगा ते मोकळेपणाने पाहतो. इथाकात घोडे नाहीत हेही खरं आहे आणि तो ते लपवत नाही. बहुतेक घरांत नेमकं हेच जमत नाही. परदेशी गेलेल्याला तिथली उणीव बोलायची लाज वाटते, कारण मग ‘सांगत होतो ना’ ऐकावं लागतं. इथे राहिलेल्याला इथली उणीव कबूल केली तर मूल कायमचं गेलं असं वाटतं.

पाचव्या सर्गातलं उदाहरण याहून धारदार आहे. ओडिसियसला आपल्या बेटावर अडकवून ठेवणारी देवी कॅलिप्सो त्याला म्हणते, रूपात मी तुझ्या बायकोहून कमी नाही. तो म्हणतो, खरं आहे. ती मर्त्य आहे, रूपाने तुझ्यासमोर उभी राहणार नाही, तरी मला घरीच जायचंय. अमरत्व देऊ केलेलं असताना तो हे म्हणतो. घर श्रेष्ठ आहे असा दावा तो करत नाही. आपलं मन कुठे आहे तेवढं सांगतो. असं बोलायला वादात जिंकावं लागत नाही. तुमच्या मुलीचं मन टोरांटोत लागलं असेल, तर तिलाही हाच हक्क आहे.

आता रविवारच्या फोनचं. ‘तिकडे कसं आहे’ असं विचारू नका, त्याचं उत्तर म्हणजे निकालच. छोटी, मोजता येणारी गोष्ट विचारा: या आठवड्यात कामावर जायला किती वेळ लागला, दवाखान्यात नंबर कधीचा मिळाला, संध्याकाळी कोण भेटलं. आणि इथलंही तसंच सांगा, विश्वामित्रीच्या पुरासकट. फोनची वेळ पाळा. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. म्हणून तिची सकाळी 9 ची वेळ उन्हाळ्यात आपली संध्याकाळी साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात असते. हा एक तास चुकला की कोणीतरी अर्धवट झोपेत किंवा पानावरून उठून बोलतं आणि वाद लवकर पेटतो. डिसेंबरात टोरांटोत पावणेपाचच्या सुमारासच सूर्य मावळतो. त्या दिवसांत तिचा आवाज उतरलेला वाटला, तर त्यावरून तिथल्या आयुष्याचा निष्कर्ष काढू नका. तिनेही मे महिन्यातल्या बडोद्याच्या दुपारवरून काढू नये.

प्रश्न : ‘अतिथि देवो भव’ ही आपली शिकवण. परदेशात नातेवाइकाकडे जायचं तरी आधी विचारावं लागतं. ग्रीक लोकांकडे अतिथिधर्म होता म्हणतात, पण तो आपल्याएवढा कुठला? — एक ज्येष्ठ वाचक, बाबाजीपुरा

उत्तर : काका, आपल्याएवढाच होता, आणि त्याचे नियम ‘ओडिसी’त इतके बारकाईने आले आहेत की ते पायरीपायरीने मांडता येतात. पाहुणा दाराशी उभा राहिला की घरच्याने स्वतः उठून जायचं. पहिल्या सर्गात अनोळखी माणूस उंबऱ्याशी ताटकळतोय हे दिसताच टेलेमेकसला राग येतो. तो हात धरून त्याला आत आणतो, त्याचा भाला घेऊन ठेवतो. मग आसन. सोन्याच्या झारीतून हातावर पाणी, खाली चांदीचं तस्त. मग रोटी, मांस, मद्य. पाहुणा जेवून तृप्त झाला की मगच विचारायचं: आपण कोण, कुठले, कशासाठी आलात? नाव आधी विचारणं हा दोष. निघताना भेट आणि पुढच्या प्रवासाची सोय. पाहुण्याकडूनही अपेक्षा आहे. ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याने यजमान मेनेलेअसची बायको नेली आणि ट्रॉयचं युद्ध पेटलं, ते हा नियम मोडल्यामुळेच.

पंधराव्या सर्गात मेनेलेअस आणखी एक नियम सांगतो: राहू इच्छिणाऱ्याला घाईने घालवणं आणि जाऊ इच्छिणाऱ्याला अडवून ठेवणं, दोन्ही सारखंच वाईट. आपल्याकडे यातला दुसरा भाग कच्चा आहे. नको म्हणणाऱ्याच्या ताटात वाढणं, गाडीची वेळ झालेल्याला ‘बसा हो’ करणं याला आपण आतिथ्य समजतो. परदेशात आधी फोन करून येतात, तेव्हा येणाऱ्याला पूर्ण वेळ मिळतो, हेही मोजायला हवं. दार उघडं ठेवण्याची रीत इथे आणि वेळ राखून ठेवण्याची रीत तिथे. दोन्हीत दुसऱ्याचा मान आहे.

पण तुमच्या प्रश्नातला ‘आपल्याएवढा कुठला’ हा भाग बडोद्याच्या माणसाने विचारावा याआधी एक घटना आठवायला हवी. 1913 साली बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. 1917 साली संस्थानची नोकरी करायला ते बडोद्यात परत आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळेना. ते एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव लिहून उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक आले आणि संध्याकाळपर्यंत खोली सोड म्हणाले. ओळखीच्या दोघांकडे त्यांनी आसरा मागितला, तो मिळाला नाही. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत ते कमाटीबागेत बसून राहिले. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते.

होमरच्या नियमात नाव शेवटी विचारतात ते का, हे या घटनेवरून कळतं. इथे नाव आणि जात आधी विचारली गेली, म्हणून बाकीच्या पायऱ्या आल्याच नाहीत. आणि होमर अतिथिधर्माची कसोटी राजवाड्यात लावून थांबत नाही. चौदाव्या सर्गात ओडिसियस भिकाऱ्याच्या वेशात आपल्याच बेटावर येतो, तेव्हा त्याला पहिलं जेवण देतो तो डुकरं राखणारा यूमेअस. त्याच्याकडे देण्यासारखं फार नाही. तो आपल्या अंथरुणावरचं कातडं पाहुण्याला बसायला घालतो, दोन पिलं कापतो आणि म्हणतो, परके आणि भिकारी झ्यूसकडूनच येतात. मोठ्या वाड्यात मात्र त्याच भिकाऱ्याला स्टूल फेकून मारलं जातं. आपली शिकवण थोर आहे, यात वाद नाही. ती कोणाच्या वाट्याला आली आणि कोणाच्या नाही, हे विचारल्याशिवाय तिची तुलना दुसऱ्या देशाशी करता येणार नाही.

प्रश्न : अठरा वर्षं लेस्टरला राहून कुटुंबासह कायमचा परत आलोय. ब्रिटिश पासपोर्ट आहे, मुलगा दहा वर्षांचा. गाव ओळखीचं वाटत नाही आणि इथल्यांना मी ओळखीचा वाटत नाही. चूक केली का? — अलकापुरी

उत्तर : ओडिसियस इथाकाला पोहोचतो तो तेराव्या सर्गात, म्हणजे काव्य अर्धं झाल्यावर. उरलेलं अर्धं काव्य पोहोचल्यानंतरचं आहे. घर गाठलं की कथा संपली असं होमरला वाटत नाही, तुम्हीही तसं धरू नका.

तो किनाऱ्यावर झोपेतून उठतो आणि त्याला स्वतःचं बेट ओळखू येत नाही. अथीना देवीने धुकं पसरलेलं असतं. वाटा, बंदरं, कडे, झाडं, सगळं वेगळं दिसतं. तो मांड्यांवर हात मारून विव्हळतो: हा कुणाचा देश? आणि मग काय करतो, तर बरोबर आणलेल्या भेटवस्तू मोजायला बसतो, काही चोरीला तर गेलं नाही ना म्हणून. ही अगदी खरी प्रतिक्रिया आहे. परतलेला माणूस आधी आपलं सामान आणि हिशेब सांभाळतो, कारण तेवढंच त्याच्या हातात असतं. तेव्हा तुम्हीही आधी तेच उरकून टाका.

कायम राहायचं ठरल्यावर बँकेला कळवून एनआरई आणि एनआरओ (अनिवासी भारतीयांची) खाती निवासी खात्यांत बदलून घ्यावी लागतात. एफसीएनआर (परकीय चलनातली) ठेव मुदत संपेपर्यंत ठेवता येते. हे राहून गेलं की पुढे व्याजावरच्या करात घोळ होतो. ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणाऱ्या) राहता येतं, घर घेता येतं, पण मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. गावाकडची जमीन घ्यायचा बेत असेल तर आधीच सल्ला घ्या. मुलाच्या शाळेत पहिली ते आठवीपर्यंत गुजराती हा विषय गुजरातमध्ये 2023 च्या कायद्याने सक्तीचा आहे, मंडळ कुठलंही असो. प्रवेशाच्या वेळीच त्याबद्दल बोलून घ्या आणि अक्षरओळख घरी सुरू करा. देवनागरी येत असेल तर गुजराती लिपी लवकर बसते. गोंधळ होतो तो अ, ख, झ या अक्षरांत आणि डोक्यावरची रेघ नसण्यात.

ओळख पटण्याचं मात्र कागदांनी होत नाही, आणि काव्याचा उत्तरार्ध त्यावरच आहे. प्रत्येक जण वेगळ्या खुणेने ओळखतो. कुत्रा तो जवळ येताच, दाई पायाच्या व्रणाने, बायको पलंगाच्या गुपिताने. बापाचं दृश्य सगळ्यात शेवटी येतं. चोविसाव्या सर्गात बाप लेअर्टीस ठिगळांचा अंगरखा आणि काट्यांसाठी हातमोजे घालून झाडाभोवती खणत असतो. मुलगा व्रण दाखवतो आणि मग झाडं मोजून दाखवतो: लहानपणी तुमच्या मागे धावत मी एकेक नाव विचारलं होतं, तुम्ही मला नासपतीची तेरा, सफरचंदाची दहा आणि अंजिराची चाळीस झाडं दिली होती, द्राक्षवेलींच्या पन्नास रांगा देईन म्हणाला होता. म्हाताऱ्याचे गुडघे लटपटतात.

म्हणून लोकांना लेस्टरच्या अठरा वर्षांची हकिगत सांगत सुटू नका, त्यांना त्यातलं काही ठाऊक नाही. त्यांच्याबरोबरच्या सामाईक गोष्टींपासून सुरुवात करा: जुन्या पोळ-गल्लीतलं कोणतं घर कुणाचं, सेव-उसळ कुठली, गणपतीच्या मांडवात कोण काय वाजवायचं. चूक केली का, हे पहिल्या वर्षात ठरवू नका. धुकं उतरायला वेळ लागतो.

प्रश्न : ग्रीक देव मत्सरी, खोटारडे आणि बाहेरख्याली. यात आदर्श काय घ्यायचा? — विद्यापीठातली विद्यार्थिनी

उत्तर : आदर्श घ्यायचाच नाही. त्या देवांना मरण नाही, म्हणून त्यांचं भांडणही हलकं राहतं. ‘इलियड’च्या पाचव्या सर्गात जखमी प्रेमदेवी ॲफ्रोडायटी रडत आईच्या मांडीवर जाते आणि जखम लगेच बरी होते. माणसाची जखम बरी होत नाही, म्हणून त्याच्या निर्णयाला वजन येतं. ‘इलियड’चा सोळावा सर्ग वाचा. स्वतःचा मुलगा सार्पेडॉन मरणार हे झ्यूसला दिसतं, त्याला वाचवावं असं मनात येतं, पण शेवटी तो वाचवत नाही. आपल्या पुराणांतला इंद्र ज्या मनाने वाचतो, त्याच मनाने हे देव वाचावेत.

प्रश्न : नात सात वर्षांची, मेलबर्नला. व्हिडिओ कॉलवर तिला पर्सेफनीची गोष्ट सांगायची आहे. ती भीतिदायक होईल का? काय गाळू? — आजी, शियाबाग

उत्तर : आजी, गोष्ट निवडलीत छान. मुलगी दूर जाते आणि ठरावीक काळाने आईकडे येते, ही कथा आपल्या माहेर-सासरच्या ओव्यांना जवळची आहे. मूळ धागा पर्सेफनीची आई, धान्यदेवी डिमीटर, हिच्या प्राचीन स्तोत्रात आहे, तोच धरा.

फुलं वेचताना पर्सेफनी एका नवलाच्या फुलाकडे हात करते. जमीन दुभंगते आणि पाताळाचा राजा हेडीस तिला रथातून नेतो. इथे रेंगाळू नका, दोन वाक्यांत पुढे जा. सात वर्षांच्या मुलीला ‘ती ओरडली, पण कोणी आलं नाही’ हे सांगायची गरज नाही. पुढची आईची बाजू सावकाश सांगा. डिमीटर नऊ दिवस न खाता-पिता, हातात मशाली घेऊन शोधते. मग म्हातारीचं रूप घेऊन एका गावच्या विहिरीशी बसते. पाणी भरायला आलेल्या मुली तिला घरी नेतात. ती मद्य नाकारते आणि जवाचं पीठ व पुदिन्यासारखा पाला घातलेलं पाणी मागते. इयांबी नावाची दासी विनोद करून तिला हसवते, आणि एवढ्या दिवसांत आई पहिल्यांदा हसते. मुलांना हा भाग फार आवडतो, तिथे एक-दोन विनोद तुमचे घाला. बाळाला निखाऱ्यात ठेवण्याचा प्रसंग गाळा, तो खरंच भितीदायक आहे.

मग आई रुसते आणि पेरलेलं उगवतच नाही. शेवटी झ्यूसला नमावं लागतं. पण मुलीने डाळिंबाचा दाणा खाल्लेला असतो, म्हणून वर्षाचा तिसरा भाग तिला खाली राहावं लागतं. डाळिंबाचे सहा-सात दाणे आणि अर्धं वर्ष हे नंतरच्या कथांतलं आहे. स्तोत्रात एकच दाणा आणि एक तृतीयांश वर्ष.

एक अडचण लक्षात ठेवा. मेलबर्नला वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो. ‘मार्चमध्ये ती वर येते’ म्हणालात तर नात खिडकीबाहेर पाहून गोंधळेल. ‘थंडी संपली की येते’ असं सांगा. वेळेचं : मेलबर्न आपल्या साडेचार तास पुढे आहे, आणि ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपासून एप्रिलच्या पहिल्या रविवारपर्यंत साडेपाच तास. आपल्या दुपारी दोनला तिथे संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात. गोष्ट पंधरा मिनिटांत बसवा, हाताशी एक फोडलेलं डाळिंब ठेवा आणि दाणा कॅमेऱ्याजवळ धरून दाखवा.

प्रश्न : मुलाकडे जर्मनीला जातोय, तिथून ग्रीसला तीन दिवस. काय पाहावं? — मांजलपूर

उत्तर : जर्मनीच्या शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक) व्हिसावर ग्रीसला जाता येतं, तो एकाच प्रवेशाचा असला तरी, कारण दोन्ही देश त्याच क्षेत्रात आहेत. पहिला दिवस अथेन्स: सकाळी उघडताच ॲक्रोपोलिस, दुपारी राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय. दुसरा दिवस मायसीनी, अथेन्सपासून सुमारे 120 किलोमीटर, तिथलं सिंहद्वार आणि त्याच वाटेवर एपिडॉरसचं नाट्यगृह. संग्रहालयात ‘ॲगमेम्नॉनचा’ (ट्रॉयवर गेलेल्या ग्रीक सैन्याच्या सेनापतीचा) मुखवटा म्हणून दाखवतात तो सोन्याचा मुखवटा 1876 साली मायसीनीत सापडला, पण तो ट्रॉयच्या युद्धाच्या मानल्या जाणाऱ्या काळाहून कितीतरी जुना आहे. तिसरा दिवस मोकळा ठेवा. ॲक्रोपोलिसच्या संगमरवरी पायऱ्या झिजून गुळगुळीत झाल्या आहेत, चपला चालणार नाहीत, रबरी तळव्याचे बूट घाला. जुलै-ऑगस्टात उष्णतेची लाट आली तर दुपारी ते बंद ठेवतात, म्हणून सकाळचंच तिकीट काढा. इथाका तीन दिवसांत बसत नाही. तिथे बोटीने जावं लागतं, आणि ओडिसियसचा वाडा म्हणून जी जागा दाखवतात तिच्याबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही.